भुतांचा हजेरीपट

प्राथमिक शिक्षकाच्या गळ्यात शाळेबाहेरची कामं मारायची सरकारची खोड फार जुनी आहे. जनगणना, मतदारयाद्या, पोलिओचे डोस, घरोघरच्या संडासांची मोजणी, सगळं मी नोकरीत केलं आणि करताना यथास्थित कुरकुरही केली. पण आमच्या आधीच्या मास्तरांना काय करावं लागलं होतं ते कळल्यावर ती कुरकुर थोडी कमी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोकणातल्या शाळामास्तरांकडून सरकारी अधिकाऱ्यांनी गावोगावच्या समजुती लिहून मागवल्या होत्या. पाऊस लांबला तर काय करता, कोणत्या झाडांना हात लावत नाही, आणि ओघानेच, तुमच्या गावात भुतं कोणती, ती कुठे राहतात, काय मागतात, कशाने जातात.

मास्तरांनी उत्तरं पाठवली. मोजणीचं काम आलं की मास्तर ते करतोच.

हे सगळं गोळा करण्याची कल्पना ए. एम. टी. जॅक्सन यांची. संस्कृतचा हा व्यासंगी आयसीएस अधिकारी, लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. मराठी माणसाला तो वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. बाबाराव सावरकरांना जन्मठेपेवर पाठवण्यात त्याचा हात होता, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’च्या प्रयोगाला आला असताना अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. कान्हेरे खेड तालुक्यातल्या आयनीचे. म्हणजे ज्या कोकणातली भुतं हा गृहस्थ जमवत होता, तिथल्याच सतरा-अठरा वर्षांच्या पोराने त्याचा शेवट केला. मागे राहिलेली कागदपत्रं आर. ई. एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने लावली. कोकणचा भाग १९१५ मध्ये छापून आला आणि पुढे १९२४ मध्ये त्याचं ‘फोकलोअर ऑफ बॉम्बे’ हे जाडजूड पुस्तक झालं.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि वाचायला मुळीच रंजक नाही. पण त्याच्या तळटीपांवर माझा जीव जडला. बहुतेक माहितीखाली ती देणाऱ्याचं नाव नाही, नुसतं ‘शाळामास्तर, राजापूर’, ‘शाळामास्तर, देवगड’, ‘शाळामास्तर, चौक’. एक उभादांड्याचे. उभादांडा आमच्या वेंगुर्ल्यातला, माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. हे कोण मास्तर असतील, कंदिलाच्या उजेडात बसून बोरूने हडळीचं वर्णन लिहिताना त्यांच्या मनात काय येत असेल, मागे वळून पाहत असतील का, असले विचार मला बऱ्याच वेळा येतात.

त्यांनी जो हजेरीपट भरला तो नीट वाचला की एक गोष्ट ध्यानात येते. आमच्या भुतांना दात किती आणि शिंगं किती याची मास्तरांनी फारशी दखल घेतलेली नाही. त्यांनी नोंदवलं ते हे, की माणूस कसा मेला, मरताना त्याचं काय राहून गेलं, आता तो कुठे बसतो आणि त्याला काय हवं. दाखल्यावर असतो तसा प्रत्येकाचा तपशील. सिनेमातलं भूत कुठूनही उपटतं आणि कोणालाही धरतं. आमच्याकडचं भूत कोणाचं तरी असतं आणि त्याची काहीतरी बाकी असते.

मुंजा घ्या. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा गेला त्याचा मुंजा होतो. लहानपण सुटलं, संसाराचा दरवाजा उघडला नाही, मधल्या पायरीवर अडकला. म्हणून तो पिंपळावर किंवा विहिरीपाशी बसतो, खडे मारतो, बायकांना त्रास देतो. सगळं नेमकं त्या वयाच्या मुलासारखं. सातवीच्या वर्गाला शिकवलेलं असल्यामुळे मला मुंज्याची कधी भीती वाटली नाही, कीवच आली. त्याच्यावरचा उतारा बघा. पिंपळाची मुंज लावायची आणि त्याला पार बांधायचा. म्हणजे त्याला मारायचं किंवा जाळायचं नाही, जे राहिलं ते पुरं करून द्यायचं. गावोगाव पिंपळाला जे पार दिसतात त्यातले काही असे बांधले गेले आहेत आणि आता त्यावर बसून लोक मोबाइल बघतात.

समंधाचं दुखणं दुसरं. निपुत्रिक गेलेला किंवा पैशाअडक्यात जीव अडकलेला माणूस समंध होतो आणि मागच्यांना त्याचं घरदार, जमीन सुखाने भोगू देत नाही. सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली बारा मुंबईत आणि चार परलोकात, घराला कुलूप आणि वाशांना वाळवी, असं आमच्या वाडीतच मी पाच-सहा ठिकाणी दाखवीन. तिथे समंधाला वेगळं काही करावं लागत नाही.

हडळीवर मात्र थांबायला हवं. बाळंतपणात किंवा पोटुशी असताना जी बाई जाते ती हडळ होते. अळवंतीण, जखीण अशी तिची चुलतभावंडंही आहेत. मास्तरांनी लिहिलं आहे की पुढून ती भरलेली, देखणी, मागून नुसता हाडांचा सापळा. केस मोकळे. ही माहिती आमच्याकडे शेंबड्या पोरालाही असते. पण माझ्या आजीला जे ठाऊक होतं ते मास्तरांना फारसं ठाऊक नसावं, कारण बाळंतिणीच्या खोलीत त्यांना कोणी घेत नव्हतं. आजी चार गावांत बाळंतपणं करायला जाई. तिच्याकडून ऐकलेलं असं: ओली बाळंतीण गेली तर तिला मागच्या दाराने न्यायची, आणि वाटेवर राळे फेकत जायचं. राळ्याचा दाणा मोहरीपेक्षा थोडा मोठा. बाईला घरी तान्ह्याकडे परत यायचं असतं. पण वाटेतला दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला पुढे येता येत नाही, आणि एका रात्रीत तो वेचून होत नाही. कोंबडा आरवला की तिला मागे फिरावं लागतं. दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून.

आजी हे सांगताना पान लावत असायची. आवाजात भय नसे. “पोराची वढ आसता गे,” इतकंच म्हणायची आणि चुना बोटाला पुसायची. मेलेल्या आईला पोराकडे येऊ द्यायचं नाही म्हणून तिच्यापुढे दाणे टाकायचे, आयुष्यभर निवडत-पाखडत आलेल्या बाईला मेल्यावरही निवडायलाच बसवायचं, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं तो माणूस दुष्ट होता की घाबरलेला, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जिवंत बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा कोयता असे. खोलीत रात्रभर दिवा. दारात निखाऱ्यांचं खापर. बाळंतिणीला ताप भरून ती बरळायला लागली, डोळे फिरवून तिला आकडी आली, तर हडळीने धरलं म्हणत. आज डॉक्टर त्याला बाळंतज्वर म्हणतात, एक्लॅम्प्सिया म्हणतात आणि औषध देतात. तान्ह्या मुलाचं तर आणखी वाईट. पाचव्या दिवशी सटवाई पुजायची, कारण पाचव्या ते आठव्या दिवसात धडधाकट पोर दूध ओढेनासं होई, ताठ होई आणि जाई. तो धनुर्वात. नाळ कापायला जे लोखंड वापरत त्याच्यातून तो येई, आणि भूत येऊ नये म्हणून उशाला जे ठेवत तेही लोखंडच. माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वातापासून भारत मुक्त झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळातलं मातामृत्यूचं प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतकं खाली आलेलं होतं. आजीच्या काळात वाडीत दर दोन-तीन वर्षांनी एखादी बाई अशी जायची. हडळी कमी का झाल्या असं मला कोणी विचारलं तर मी शंभर व्याख्यानांआधी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंचं नाव घेईन.

पटावरची आणखी एक गोष्ट खटकते, ती सांगितलीच पाहिजे. भुतांना जात आहे. ब्राह्मणाचा ब्रह्मराक्षस होतो, तो विद्वान, त्याला साध्या भगताने हात लावायचा नाही. शूद्र म्हणून ज्यांना लिहिलं त्यांचा देवचार. झोटिंग आणि खवीस खालच्या मानलेल्या जातींकडे नाहीतर मुसलमानांकडे दिलेले, आणि ते आडदांड, अडाणी, घाणेरडे. जिवंतपणी ज्याला वाडीच्या टोकाला ठेवलं त्याच्या भुतालाही तिथलंच झाड. त्या काळी मास्तर बहुतेक वरच्या जातींतले आणि पुरुष. गावकुसाबाहेरच्या माणसाला, किंवा माझ्या आजीच्या आजीला, कोणी प्रश्न घातले असते तर पट वेगळा भरला असता. तिथे कदाचित खोत भूत झाला असता.

देवचाराचं मात्र कोकणात आणि गोव्यात भलतंच झालं. कागदावर तो भूत, पण दक्षिण कोकणातल्या माणसाला विचाराल तर तो राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, रात्री गावाच्या हद्दीवरून फेरी मारतो. गावाच्या चार दिशांना त्यांची ठिकाणं, वर्षाला नारळ, केळी, कोंबडा. मध्येच कोणाला आठवण झाली तर विडी. गाऱ्हाण्यात देवांच्या मागोमाग त्याचंही नाव येतं आणि सगळे “व्हय म्हाराजा” म्हणतात. वाट चुकलेल्या माणसाला तो घराच्या पाणंदीपर्यंत सोडून जातो, फक्त मागे वळून बघायचं नाही. आमच्याकडे पोलीस पाटील असतो, तंटामुक्ती समिती असते, तरी हद्दीवरचा फणस चोरायला रात्री कोणी जात नाही ते देवचारामुळे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

याच वाटेने पार वरच्या टोकाला पोचला तो वेताळ. भुतांचा राजा. अमावास्येला मशाली घेऊन त्याची स्वारी निघते, असं देशावरही सांगतात. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे आणि आजच्या गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ. संस्कृत कथांत तो प्रेतात शिरून राजाच्या पाठीवर बसतो आणि गोष्ट सांगून पेचात पाडणारा प्रश्न विचारतो. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, म्हणजे अकराव्या शतकातल्या काश्मीरमध्ये, त्या गोष्टी आहेत. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’ आणली. उत्तर येत असून दिलं नाहीस तर डोकं फुटेल आणि दिलंस तर मी पुन्हा झाडावर जाईन, अशी अट घालणारा परीक्षक मला तरी शिक्षण खात्यात भेटला नाही.

गोव्यात लोलये, आमोणे अशा गावांत तो ग्रामदैवत म्हणून उभा आहे, बेताळ या नावाने. तिथल्या जुन्या पाषाणमूर्ती नग्न, उग्र, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि काहींच्या खपाटीला गेलेल्या पोटावर विंचू कोरलेला. आमच्या आरवलीचा वेतोबा त्यामानाने सोज्वळ. उंचापुरा, दोन पायांवर ताठ उभा, भक्ताच्या हाकेला चालत जाणारा देव. पूर्वीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या चपला. या चपला बघण्यासारख्या आहेत. साध्या माणसाच्या पायाला दोन पाय एकात जातील एवढ्या, जाड तळाच्या, एकाशेजारी एक मांडून ठेवलेल्या. रात्री देव गावात फिरतो, म्हणून त्या झिजतात. मी लहान असताना वडिलांनी एक चप्पल उलटी करून मला तळ दाखवला होता. टाचेकडे घासल्यासारखं दिसलं. चप्पल करणाऱ्यानेच तसा तळ तासला असेल, अशी शंका मी काढली. वडील म्हणाले, “आसात. पण चप्पल दिलल्याक तां इचारू नको.” जयवंत दळवींच्या या गावात भुतांच्या राजाला लोक पेढे वाटून मुलाच्या नोकरीची बातमी सांगतात.

बाकीची मंडळी किरकोळ नाहीत, पण लवकर आटोपतो. पाण्यातला गिऱ्हा मच्छीमाराकडे मासे मागतो आणि बोलता बोलता खोल पाण्यात नेतो. आमच्या आत्याच्या गोष्टीत एकाने त्याचा केस उपटून मांडीत शिवून ठेवला आणि त्याला घरगडी केलं. साती आसरा विहिरी-तळ्यांवर सात बहिणींच्या रांगेने बसतात, त्यांना हळदकुंकू दिलं की झालं. बायंगी हे विकत मिळणारं भूत, नारळात घालून आणतात, आधी भरभराट देतं आणि मग वसुली करतं. ते विकतो म्हणून सांगणारे आजही भेटतात आणि पैसे घेऊन जातात.

चकव्याबद्दल मात्र मी पैजेवर बोलेन. चकव्याला रूप नाही, आवाज नाही. तो फक्त वाट चुकवतो. माझे मामा एकदा दशावतार बघून सड्यावरून परत येत होते. अंधारी रात्र, जांभ्याचा उघडा कातळ, ना झाड ना घर. तासभराची वाट, पण उजाडेपर्यंत ते चालत होते आणि एकाच मोडक्या गडग्यापाशी पुन्हा पुन्हा येत होते. मामा प्यायलेले नव्हते; हे सांगावं लागतं, कारण ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारतो. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान सॉमन यांनी लोकांना जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि त्यांचा माग काढला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं सरळ गेली. आभाळ भरलं, चंद्र मावळला, की वळायला लागली आणि आपण सरळच चाललो आहोत अशा खात्रीने गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर आली. डोळे बांधल्यावर तर काही जण वीस मीटरपेक्षाही लहान वर्तुळात फिरले. सरळ कुठे याचा अंदाज पावलागणिक थोडा चुकतो आणि बाहेरची खूण नसेल तर ती चूक साठत जाते. चकव्यावर जुन्या माणसांचा उपाय असा: असशील तिथे खाली बस, चपला उलट्या पायांत घाल, उजाडायची वाट बघ. चपलांचं सोडा. बाकीचा उपाय आजही कोणताही गिर्यारोहण शिकवणारा माणूस तुम्हाला सांगेल.

वेगळं आहे ते ‘झपाटलं’ म्हणण्याचं. माझ्या वर्गातली एक मुलगी आई गेल्यावर बोलेनाशी झाली. प्रार्थनेला उभी असताना पडायची. घरच्यांनी तिला भगताकडे नेलं, मिरच्यांची धुरी दिली, केस धरून मारलं. डॉक्टरांकडे आणली तेव्हा तिच्या पाठीवर वळ होते. भुतावर विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही, पण भूत काढायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात तो स्पष्ट लिहिला आहे. मुंज्याच्या पिंपळाला पार बांधणाऱ्या गावात जिवंत पोरीला काय हवं ते विचारायचं कोणाला सुचलं नाही, याचा मला राग येतो. ती पोर आता नर्सिंग करते.

नव्या पिढीला ही मंडळी पडद्यावर भेटतात. धारप आणि मतकरींच्या भयकथा वाचून आम्ही घाबरलो, माझी नातवंडं २०२४ चा ‘मुंज्या’ बघून घाबरली आणि हसली. सिनेमाने त्याला ठरावीक चेहरा दिला, त्यामुळे त्याचं ते अर्धं राहिलेलं पोरपण मला जरा हरवल्यासारखं वाटलं, पण निदान तो गोष्टीतही मुंजीनंतर मेलेलाच आहे. २०१८ च्या ‘तुंबाड’मधला हस्तर मात्र कुठल्याही आजीच्या पटावर नाही, तो सिनेमावाल्यांनी घडवला, झकास घडवला. तुंबाड हे गाव खरं आहे, खेड तालुक्यात जगबुडीकाठी. हस्तराचं देऊळ कुठे म्हणून कोणी तिथे विचारायला गेलं तर गावकऱ्यांनी काय सांगावं?

गेल्या वर्षी आमच्याकडचा रस्ता रुंद झाला. हद्दीवरची झाडं गेली, आणि देवचाराचा दगड नेमका साइडपट्टीत आला. गावकऱ्यांची बैठक झाली, गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला आणि दगड वरच्या अंगाला पंधरा पावलं सरकवला. काम करणारी मुलं बिहार-झारखंडची. त्यातला मुकादम रोज संध्याकाळी यंत्र बंद करायच्या आधी दगडापाशी काहीतरी ठेवायला लागला. त्याने आमच्या गुरवाला एकदा विचारलं, सिगरेट चालेल का, विडी लांब बाजारात मिळते. गुरव विचारात पडला, म्हणाला, “फिल्टरवाली नको.”